ब्रांडची शेड: बर्फातल्या बेटावर तीन दिवस

शुक्रवार

सकाळी साडेआठला बर्लिनमध्ये उणे ६ तापमान होतं. बाबा दोन स्वेटरवर जाकीट चढवून कानटोपी शोधत होते आणि आई दारातून विचारत होती, "पोहायचे कपडे कुणाच्या पिशवीत टाकलेस?" ईशान, माझा आठ वर्षांचा मुलगा, महिनाभर या सहलीचे दिवस मोजत होता. आईबाबा चिंचवडहून तीन महिन्यांसाठी आले होते आणि त्यातला निम्मा काळ त्यांनी खिडकीतून बर्फ बघण्यात काढला होता. आई मूळची गुहागरची. फेब्रुवारी उजाडला तशी ती रोज एकदा तरी म्हणायला लागली, "इकडे मातीचा वासच येत नाही गं." मग मी ट्रॉपिकल आयलंड्स या बंदिस्त, उबदार जलउद्यानाची दोन रात्रींची नोंदणी करून टाकली.

नावात बेटं असली तरी ही जागा समुद्रापासून लांब आहे. बर्लिनच्या दक्षिणेला ६० किलोमीटरवर, ब्रांडेनबुर्ग राज्यातल्या क्राउसनिक गावच्या हद्दीत, पाइनच्या जंगलात. गाडीने तासाभरात ब्रांड स्टेशन येतं. आता त्या स्टेशनच्या नावातही या उद्यानाचं नाव जोडलेलं आहे. जर्मनमध्ये 'ब्रांड' म्हणजे आग. बर्फाने पांढऱ्या झालेल्या फलाटावर उतरताना ईशानने हे आजीला समजावून सांगितलं आणि आजीने मफलर आणखी घट्ट केला.

स्टेशनवरून उद्यानाची बस मिळते. बसमध्ये बाबा खिडकीशी बसले होते. त्यांनी आयुष्यभर स्ट्रक्चरल फॅब्रिकेशनमध्ये काम केलं. वेल्डर म्हणून लागले, फिटर झाले आणि शेवटची चौदा वर्षं शेड-उभारणीचे फोरमन होते. भोसरी, चाकण, रांजणगाव, कुरकुंभ, अशा कितीतरी एमआयडीसींमध्ये त्यांच्या हाताखाली शेड उभ्या राहिल्या. त्यांच्या खिशात एक जुनी पॉकेट डायरी असते. प्रत्येक शेडची एक ओळ: ठिकाण, लांबी, स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर), उंची, शेवटचा ट्रस (छपराचा पोलादी सांगाडा) चढला ती तारीख. निवृत्तीनंतरही ही डायरी त्यांनी सोडलेली नाही.

झाडं संपली आणि समोर ती दिसली. आधी मला ती टेकडीच वाटली होती. चंदेरी पाठीचं, दोन्ही टोकांना गोल झालेलं काहीतरी जंगलाच्या वर उठलेलं. बाबा उठून उभे राहिले. बस चालू होती, मी म्हटलं, "बाबा, बसा." ते बसले नाहीत.

"मधे खांब किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही, बाबा."

ते पुढे काही बोलले नाहीत. हा एक आकडा त्यांना सांगायचा म्हणून मी आठवडाभर धीर धरून होते.

ही शेड ३६० मीटर लांब आहे, २१० मीटर रुंद, १०७ मीटर उंच. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ८५ मीटरचा. तो आत उभा केला तरी वर सहा-सात मजले जागा उरेल. आठ फुटबॉल मैदानं मावतील एवढी जमीन एका छपराखाली, मधे कुठलाही आधार न घेता. मधल्या भागात पोलादाच्या पाच प्रचंड कमानी आहेत आणि त्यांच्यामध्ये ताणून बसवलेलं कापडी छप्पर. दोन्ही टोकांना पाव गोलासारखी दारं, प्रत्येक बाजूला आठ पाकळ्या: दोन स्थिर, सहा सरकणाऱ्या. संत्र्याच्या फोडी एकमेकींमागे सरकाव्यात तशा त्या उघडत. रचना म्युनिकच्या सिआट या वास्तुविशारद संस्थेची, अभियांत्रिकी अरुपची.

आत शिरल्यावर पहिल्यांदा चष्म्यावर वाफ धरली. दुसरी गोष्ट वासाची. ओली पानं, माती, थोडं क्लोरीन. आई दारातच थांबली, तिने मफलर काढला, डोळे मिटून एक श्वास घेतला आणि म्हणाली, "श्रावण." आत बारा महिने २६ अंशांच्या आसपास तापमान आणि साठ-पासष्ट टक्के दमटपणा ठेवलेला असतो. मनगटावर चिपचा पट्टा बांधून मिळतो, पाकीट कुलपात जातं, बूट जातात. अर्ध्या तासात माझे बाबा, ज्यांना मी घराबाहेर कधी अनवाणी पाहिलं नव्हतं, वाळूवरून चालत होते आणि चालताना पायाकडे बघत नव्हते. मान वर होती.

दुपार समुद्रावर गेली. या जलाशयाला इथे दक्षिण समुद्र म्हणतात. १४० मीटर लांब, साधारण ४,४०० चौरस मीटरचं पाणी, २८ अंशांना तापवलेलं, सगळ्यात खोल भागात १.३५ मीटर. काठाने २०० मीटरची खरी वाळू. पलीकडे आकाशाचं चित्र छापलेला अजस्र पडदा आहे, निळा, पांढऱ्या ढगांचा. ईशान त्याच्याकडे पोहत गेला, हात लावून परत आला आणि त्याने बातमी आणली की तिथे क्षितिज संपतं.

आई पाण्यात उतरली. तिला पोहता येतं हे ईशानला माहीत नव्हतं. मलाही ते बरंचसं विसरायला झालं होतं. गुहागरच्या विहिरीत, कमरेला तरंगत ठेवणारी सुकडी बांधून ती शिकली होती. चिंचवडच्या चाळीस वर्षांत पोहायची जागा आणि वेळ तिला मिळालीच नव्हती. आज ती काठापासून पडद्यापर्यंत आणि पडद्यापासून काठापर्यंत, न थांबता, डोकं पाण्याबाहेर ठेवून गावाकडच्या पद्धतीने पोहत राहिली. आम्ही तिघं काठावर बसून तिला बघत होतो.

तेव्हा बाबांनी विचारलं, "ही शेड कशासाठी बांधली? पोहायला कुणी एवढी उंची घेत नाही."

त्यांना उत्तर सांगण्यात मला फार आनंद झाला, कारण हे उत्तर कुणापेक्षाही त्यांनाच जास्त कळणार होतं.

१९९६ साली कार्गोलिफ्टर नावाची कंपनी स्थापन झाली. कार्ल फॉन गाब्लेन्त्स तिचे प्रमुख. कल्पना अशी होती की कारखान्यात तयार झालेलं मोठं यंत्र, म्हणजे टर्बाइन, ट्रान्सफॉर्मर, रिअ‍ॅक्टरचं पात्र, रस्त्याने न नेता हवेतून न्यायचं. त्यासाठी सीएल-१६० नावाचं आकाशजहाज बांधायचं होतं: २६० मीटर लांब, ६५ मीटर व्यासाचं, हेलियमने भरलेलं, १६० टन ओझं उचलणारं. १९३७ साली अमेरिकेत लेकहर्स्टला जळालेलं हिंडेनबर्ग आकाशजहाज २४५ मीटरचं होतं. हे त्याहून लांब. आणि हिंडेनबर्गमध्ये पेट घेणारा हायड्रोजन होता, इथे न पेटणारा हेलियम. असं जहाज उघड्यावर बांधता येत नाही. वारा लागला तर सांगाडा हातचा जातो. म्हणून आधी शेड.

"ओडीसी," बाबा म्हणाले. ओव्हर डायमेन्शनल कार्गो. हे शब्द आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकले आहेत. रुंदीत न बसणारा माल ट्रेलरवर चढवायचा, पुढे-मागे लाल झेंडे, सोबतीला एक जीप. रात्रीच चालायचं. वाटेत विजेच्या तारा आल्या की वीज मंडळाचा माणूस येऊन लाइन बंद करेपर्यंत थांबायचं. पुलाची ताकद पुरत नसेल तर ओढ्यातून बाजूने रस्ता करायचा. एकदा बाबा अशा ट्रेलरबरोबर न्हावाशेवा बंदरापर्यंत गेले होते आणि तिसऱ्या दिवशी परतले होते. सव्वाशे किलोमीटरसाठी.

मी त्यांना २०२०च्या बातमीची आठवण करून दिली. महाराष्ट्रातून तिरुअनंतपुरमच्या अंतराळ केंद्रासाठी ७० टनांचं ऑटोक्लेव्ह निघालं होतं, पोचायला जवळजवळ वर्ष लागलं. बाबांनी ते कात्रण ठेवलेलं आहे.

"१६० टन," ते म्हणाले. "हवेतून. सरळ रेषेत." मग बऱ्याच वेळाने, "झालं का मग?"

नाही झालं. शेड मात्र झाली. २०००च्या अखेरीस ती पूर्ण झाली, ७.८ कोटी युरोंच्या आसपास खर्च आला. जोई नावाचं ३२ मीटरचं छोटं प्रायोगिक जहाज उडालं. सीएल-७५ नावाचा ओझी उचलणारा प्रचंड गोल फुगा बनवला गेला. पण मुख्य जहाजाचं काम अपेक्षेपेक्षा कितीतरी अवघड निघालं आणि पैसे आधी संपले. सुमारे ७० हजार भागधारक होते, त्यात कितीतरी साधी माणसं. एका मोठ्या कल्पनेवर विश्वास ठेवून त्यांनी बचत घातली होती. २००२च्या जूनमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढच्याच महिन्यात वादळात तो फुगाही गेला. सीएल-१६० कधीच बांधलं गेलं नाही. ज्या जहाजासाठी ही शेड उभी राहिली, त्याचा सांगाडाही इथे कुणी पाहिला नाही.

बाबांनी वाळू मुठीत घेतली आणि सोडली. आई अजून पोहत होती.

रात्री आम्ही तंबूत झोपलो, शेडच्या आतच. राहायला लाकडी घरंही आहेत, पण ईशानला तंबू हवा होता. दिवे मंद केले तरी पूर्ण अंधार होत नाही. कुठूनतरी पाणी पडण्याचा आवाज सतत येतो, लांबून मुलांचे आवाज विरत जातात. ईशान झोपल्यावर बाबा बाहेर येऊन बसले. मीही.

त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मला अर्धीच माहीत होती. ज्या कंपनीत त्यांनी सर्वांत जास्त वर्षं काढली ती पुढे बंद पडली, हे मला ठाऊक होतं. कंपनीची मोठी शेड, ४२ मीटरचा स्पॅन, त्यांनीच उभी केली होती. जागा विकली गेली तेव्हा नवीन मालकाला शेड नको होती, मोकळी जमीन हवी होती. भंगारवाला आला. गॅस कटरने ट्रस कापताना बाबा रस्त्याच्या पलीकडे उभे राहून बघत होते. तीन दिवस रोज जाऊन बघत होते. आईला सांगायचे, मंडईत जाऊन येतो.

"सांध्यावर कापलं असतं तर पुन्हा वापरता आलं असतं," ते म्हणाले. "पण त्यांनी मधेच कापलं. वजनावर विकायचं होतं ना."

त्या शेडच्या ओळीपुढे डायरीत त्यांनी नंतर एक नवा रकाना आखला. त्या रकान्यात तेव्हा लिहिलं: कापली. मग बाकीच्या शेडचीही चौकशी करून करून तो रकाना भरत गेले. ते मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

शनिवार

आईने मला साडेसहाला हलवून उठवलं. "चल, गर्दीच्या आत जंगल बघू."

शेडच्या मध्यावर वर्षावन आहे. सुमारे दहा हजार चौरस मीटर, ६०० जातींची ५० हजारांच्या आसपास झाडं, त्यातून किलोमीटरभराची पायवाट. बाकी सगळ्या आकर्षणांबद्दल मी थोडक्यात सांगेन, पण इथे आम्ही अडीच तास होतो आणि ते अडीच तास माझ्यासाठी या सहलीचं सोनं होते.

आई झाडांशी ओळख असल्यासारखी चालते. माणसांच्या घरी जावं तशी. केळीपाशी थांबली, पानाची शीर बोटाने तपासली. जास्वंद. आल्याच्या कुळातली झाडं, त्यांची पानं चुरगळायची तिची इच्छा मला दिसत होती, पण तिने नुसतंच वाकून हुंगलं. अळूच्या भाऊबंदांची पानं इतकी मोठी की ईशान एकाखाली उभा राहून दिसेनासा झाला. एका दलदलीत खारफुटीची झाडं, मुळांचे पाय पाण्यात रोवून उभी. "अगं, ही तर आपल्या खाडीतली," आई म्हणाली. गुहागरजवळ खाडीच्या काठाने शाळेत जायची ती. कांदळाच्या मुळांत पाय अडकून पडायची, चिखलात खेकडे धरायची. जर्मनीतल्या बर्फाखाली, तापवलेल्या पाण्यात उभं असलेलं ते झाड बघताना ती जे आठवत होती ते सगळं मोठ्याने सांगत होती आणि ईशान ऐकत होता. त्याने आजीच्या शाळेच्या वाटेबद्दल मला कधी काही विचारलं नव्हतं. आता एकामागून एक प्रश्न.

पुढे फ्लेमिंगो दिसले, एका पायावर झोपेत. कासवं.

मग आई एकदम थांबली आणि वर बघून म्हणाली, "यांच्यावर पाऊस कधीच पडत नाही ना?"

नाही पडत. वारासुद्धा लागत नाही. छप्पर बंद आहे. तिने जवळच्या पानावरून हात फिरवला, बाळाचं तोंड पुसावं तसा. "सगळं मिळतं बिचाऱ्यांना. ऊन?"

उन्हाची गोष्ट मला माहीत होती. मूळ छप्पर पॉलिस्टरच्या कापडाचं होतं. जहाजाला ऊन लागत नाही. २००४मध्ये उद्यान सुरू झालं तेव्हा झाडांना पुरेसा सूर्यप्रकाश मिळत नव्हता. म्हणून पुढच्या वर्षी दक्षिण बाजूचं सुमारे २० हजार चौरस मीटर कापड काढून तिथे ईटीएफई नावाचं पारदर्शक आवरण बसवलं. ते अतिनील किरणंही आत येऊ देतं. त्याखाली बसलं तर कातडी रापते. सूर्य वर आल्यावर हे सगळं आम्हाला दिसलं. सव्वासातच्या सुमाराला दक्षिणेकडचा पट्टा राखाडीचा फिका निळा झाला, मग त्यातून तिरपं, कोवळं ऊन जंगलावर आलं. बाहेरच्या बर्फावरून परावर्तित होऊन आलेलं ऊन. आईने घड्याळ बघितलं. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही, घरी या वेळी मी तुळशीला पाणी घालते."

बाबा आम्हाला नाश्त्याला भेटले. ते पहाटेच उठून शेडच्या आतून चारी बाजूंनी फिरून आले होते. कमानी जिथे खाली येतात ती ठिकाणं त्यांना बघायची होती. झाडं, भिंती, पडदे मधे येत होते तरी त्यांनी पाचही कमानी मोजल्या. एका जागी बराच वेळ उभे राहिल्यामुळे स्वच्छतेचं काम करणाऱ्या एका काकांनी त्यांना हरवलात का असं विचारलं. बाबांना जर्मन येत नाही, त्या काकांना दुसरं काही येत नव्हतं. बाबांनी वर बोट दाखवून दोन्ही हातांनी कमान केली. ते काका हसले, त्यांनीही दोन्ही हातांची कमान केली आणि मग छातीवर हात ठेवून काहीतरी बराच वेळ सांगितलं. काय सांगितलं ते आम्हाला कधी कळणार नाही. बाबांना वाटलं की ते बांधकामाच्या वेळी इथे होते. मलाही तसंच वाटायला आवडतं.

मग दिवसभर पाणी. बाली लगून हा १,२०० चौरस मीटरचा, समुद्राहून कोमट, ३२ अंशांच्या जवळपासचा तलाव. त्यात कारंजी, धबधबा, गुहा, छोट्या घसरगुंड्या. ईशानला तिथून बाहेर काढायला मला दोनदा आईची मदत लागली. घसरगुंड्यांचा मोठा मनोरा २७ मीटर उंच आहे, म्हणजे आठ-नऊ मजले, आणि त्यातल्या सर्वांत वेगवान घसरगुंडीवर माणूस ताशी ७० किलोमीटरपर्यंत जातो. ईशानचं तिथे वय बसत नव्हतं, मी एकदा गेले. वर पोचल्यावर सगळं बेट पायाखाली दिसतं: डावीकडे वाळू, मधे हिरवा गोळा, तंबूंच्या रांगा, आणि डोक्यावर तरीही एवढं आकाश की वर आल्यासारखं वाटतच नाही. खाली यायला किती सेकंद लागले ते मोजता आलं नाही. दोरीला बांधलेला एक फुगाही माणसं घेऊन वर जात होता. ज्या शेडमधून आकाशजहाज निघायचं होतं, तिथे आता एवढंच हवेत चढतं. बाबा त्याच्याकडे खूप वेळ बघत होते.

सामोआ, बाली, थायलंड, बोर्निओ इथल्या घरांच्या प्रतिकृती असलेलं एक खेडं आहे. बोर्निओचं लांबघर मला आवडलं, त्याच्या ओटीवर बसून आम्ही चहा घेतला. पण वेगवेगळ्या खंडांतली घरं अशी ओळीने बघताना त्या घरांची माणसं नसणं मला जाणवत राहिलं. सॉना विभाग खूप मोठा आहे आणि जर्मन रिवाजाप्रमाणे तिथे वस्त्रं घालून जायचं नसतं. आईबाबांना मी ते आधीच सांगितलं होतं, आम्ही त्या बाजूला गेलो नाही.

संध्याकाळी अमेझोनिया. २०१६ साली सुरू झालेला हा भाग शेडच्या बाहेर, उघड्यावर आहे. त्यात २५० मीटरची वेगवान प्रवाहाची कृत्रिम नदी आहे. पाणी गरम असल्यामुळे हिवाळ्यातही तिथे जाता येतं. आतून पोहत पोहतच बाहेर पडायचं. डोकं थंडीत, अंग उबेत. पाण्यावर वाफेचा ढग, काठावर पांढरा बर्फ आणि वर खरंखुरं आकाश, दिवसभरात पहिल्यांदाच. ईशानने काठावरचा बर्फ उचलून तो गरम पाण्यात बुडवला आणि मूठ उघडून आजोबांना रिकामा हात दाखवला. बाबा एका हाताने कठड्याला धरून मान मागे टाकून बघत होते. तिथून शेडची बाहेरची बाजू दिसते, अगदी जवळून, दिव्यांनी आतून उजळलेली. दक्षिणेचं पारदर्शक आवरण कंदिलाच्या काचेसारखं पेटलं होतं आणि कमानी त्यावर काळ्या रेघांसारख्या उमटल्या होत्या.

"आता सांध्यांची रांग दिसते," बाबा म्हणाले. "आतून नव्हती दिसत."

जेवताना त्यांनी पुढची गोष्ट विचारली. शेड कुणी वाचवली?

दिवाळखोरीनंतर वर्षभरात, २००३मध्ये, मलेशियाच्या तान्जोंग कंपनीने ती १.७५ कोटी युरोंना घेतली. बांधायच्या खर्चाच्या पावपटीहूनही कमी. त्यामागे कॉलिन औ नावाचे मलेशियन उद्योजक होते. उष्ण कटिबंधातल्या माणसाला जर्मन हिवाळ्यात एवढी मोठी बंद जागा दिसल्यावर आत बेट करावंसं वाटलं, यात मला काहीतरी फार खरं वाटतं. ज्याने थंडीत उबेची आठवण काढली असेल त्यालाच हे सुचेल. १९ डिसेंबर २००४ला उद्यान उघडलं, म्हणजे ऐन हिवाळ्यात. पहिली वर्षं कठीण गेली, अपेक्षेएवढी माणसं येईनात. मग राहायची सोय वाढली, दिवसाची सहल दोन-तीन दिवसांची झाली, आणि जागा तगली. २०१८च्या अखेरीस स्पेनच्या पार्केस रेउनिदोस कंपनीने ती विकत घ्यायचं ठरवलं.

मी बाबांना माझी शंकाही सांगितली. एवढ्या हवेला, ५० लाख घनमीटरहून जास्त हवेला, जर्मनीच्या हिवाळ्यात २६ अंशांवर ठेवायचं म्हणजे केवढं इंधन जळत असेल. पर्यावरणाचं बोलणारी मी, आणि इथे दोन रात्री राहते. हा प्रश्न मला सलतो आणि इथून निघतानाही तो माझ्यासोबत असणार होता.

बाबांनी विचार केला. "ते बरोबर आहे तुझं. पण पोलाद वितळवायलाही जळलेलंच असतं गं. हे कापलं असतं तर ते सगळं वाया. उभं ठेवायचं तर कुणीतरी त्यात राहायला लागतं. रिकामी शेड दहा वर्षं टिकत नाही. गंज छपरापासून धरत नाही, माणसांच्या नसण्यापासून धरतो."

आई म्हणाली, "अहो, जेवा आता. गार होतंय."

रविवार

सकाळी पोहणं आवरून, सामान घेऊन आम्ही बसच्या वेळेच्या बरंच आधी बाहेर पडलो. बाबांचा हट्ट होता की शेड बाहेरून चालत बघायची. आईने ईशानला घेऊन प्रवेशदाराशी थांबायचं ठरवलं, पण ईशान आमच्यामागे धावत आला, मग तीही आली.

रात्रभर बर्फ पडला होता. पायाखाली जुनं काँक्रीट होतं आणि ते कुठल्याही वाहनतळापेक्षा रुंद होतं. ब्रांडचा विमानतळ १९३०च्या दशकाच्या अखेरीस जर्मन हवाई दलासाठी बांधला गेला. १९४५ला सोव्हिएत सैन्य आलं आणि पुढे शीतयुद्धाच्या काळात इथे त्यांची लढाऊ विमानं होती. १९९२ साली ते गेले. त्यांनी बांधलेले विमानांचे निवारे अजून आजूबाजूला आहेत. जाड काँक्रीटच्या कमानी, वर माती आणि गवत, तेव्हा बर्फ. लांबून पाहिलं तर कुणीतरी शेतात पालथी घातलेली घमेली.

ईशानला मी हे सांगितलं. आधी युद्धाची विमानं, मग दुसऱ्या देशाची युद्धाची विमानं, मग एक जहाज जे आलंच नाही, मग आपण. त्याने विचारलं, "मग ते जहाजवाले कुठे गेले?" मी म्हटलं, घरी गेले, दुसरीकडे नोकऱ्या शोधल्या. त्याने आजोबांकडे बघितलं. "आजोबा, तुमच्यासारखे?" रात्रीच्या तंबूत तो झोपला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

"हो," बाबा म्हणाले. "माझ्यासारखे."

शेडच्या टोकाशी पोचलो. दाराच्या पाकळ्या बंद होत्या, त्यांच्या कडांवर बर्फाची रेघ साठली होती. बाबांनी हातमोजा काढला आणि उणे तापमानात उघडा तळवा पत्र्यावर ठेवला. आई ओरडली, "अहो, हात चिकटेल!" त्यांनी काढला नाही. आतून ऊब येते का ते बघत होते बहुतेक. मग एका डोळ्याने कडेची रेषा साधून पाहिली, ती कुठे वाकली आहे का ते बघायला. शेड उभी झाली की ते नेहमी असंच बघत, मी लहानपणी साइटवर त्यांच्यासोबत असताना पाहिलं आहे. सगळे जेवायला गेलेले असायचे आणि ते एकटेच एक डोळा मिटून उभे.

बस यायला सात-आठ मिनिटं होती. थांब्यावर त्यांनी पॉकेट डायरी काढली. पेन थंडीने उठत नव्हतं, आईने ते हातात धरून फुंकर मारून गरम करून दिलं. त्यांनी शेवटच्या ओळीखाली नवी ओळ आखली. ब्रांड. ३६०. २१०. १०७. तारखेच्या रकान्यात मला विचारून २००० लिहिलं. शेवटच्या रकान्याशी थांबले, पान ईशानसमोर धरलं आणि म्हणाले, "इथे तू लिही."

ईशानचं मराठी लिहिणं कच्चं आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी हळूच अक्षरं सांगितली. हात गारठल्यामुळे वेलांटी रकान्याबाहेर गेली.

उभी.

बस आली. बाबांनी डायरी खिशात ठेवली आणि चढताना पहिल्यांदा आईला पुढे केलं, मग ईशानला, मग मला.